दोघांची गोळी एकच

प्रिय सुफियान,

आपला मामेभाऊ अम्मार तुझ्या मालेगावहून आला, तुझी खुशाली त्याच्याकडूनच कळली. नव्या लूमवर मन रमलंय म्हणे. चहा संपता संपता हळूच म्हणाला, की सहा महिन्यांपासून तू गोळ्या बंद केल्यास. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. रागाने फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

अब्बांचे चारही लूम मी भिवंडीतच भाड्याने दिलेत. तुझ्या लूमजवळून गेले की आठवतं, सूत जोडता जोडता तू भिंत धरून उभा राहायचास. आणि तुझी ती स्वप्नं! खाडीचं पाणी छतापर्यंत चढलंय आणि अम्मी त्यात कपडे वाळत घालतेय. जुबैदाखाला म्हणाली, बाहेरचं काही लागलंय. मी त्याहून वाईट बोलले. जन्मापासून दोघांना एचआयव्ही, दोघांच्या डबीत सारखी गोळी, आणि मला ती घेऊन गाढ झोप लागायची. खालासमोर मी तुला विचारलं, "दोघांची गोळी एकच, मग चक्कर तुलाच कशी येते?"  आठवड्याने घर सोडलंस.

उत्तर परवा मिळालं. तू जाण्याआधी एका अभ्यासासाठी दोघांचं रक्त घेतलं होतं ना, त्याचे कागद गोळ्यांच्या सेंटरवर डॉक्टर मृणाली मॅडमनी समोर ठेवले. तुझ्या रक्तात तेच औषध माझ्या जवळजवळ तिप्पट होतं. औषध मोडून बाहेर टाकायचं काम यकृताचं, आणि ते किती भराभर करायचं हे जन्माआधीच ठरतं. अब्बांकडून एक, अम्मीकडून एक, असे दोन्ही संथ जीन तुझ्या वाट्याला आले, माझ्या नाही. मला बेताचा तो डोस तुला भारी. आणि मेंदू! त्याच्या रक्तवाहिन्यांची वीण इतकी घट्ट, की बरीच औषधं बाहेरच अडतात. आपलं हे औषध आत शिरतं, शिरायलाच हवं, कारण विषाणू तिथेही दडतो. पण जास्त झालं की चक्कर येते, तसली स्वप्नं पडतात. सुफियान, मी थक्क होऊन बसून राहिले. डोळ्यांना न दिसणारं एवढंसं काही, आणि एका आईच्या दोन लेकरांना एकच गोळी इतकी वेगळी लागते. अल्लाहची कारागिरी म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते. गोळी रिकाम्या पोटी, झोपताना घ्यायची होती. रमजानमध्ये तू रोजे ठेवून सुकलास, म्हणून मी इफ्तारला गोश्त-गव्हाच्या खिचड्यावर तुपाची धार सोडून तुला पोटभर खाऊ घालायचे आणि लगेच गोळी द्यायचे. वर, गिळलीस का बघायला, तोंड उघडून दाखव म्हणायचे. तुपकट जेवणाने हे औषध आणखी चढतं, मॅडम म्हणाल्या. तुला वेड लागलं नव्हतं, तू नाटकही करत नव्हतास. तुझ्या रक्तात होतं ते मी माझ्या मायेने वाढवलं. मला माफ कर. सेंटरवर आता वेगळी गोळी आली आहे, तपासून तुला तीच देऊ म्हणाल्यात. पुढच्या जुम्म्याला अम्मार पुन्हा येणार आहे, त्याच्याबरोबर ये. गरगरतंय म्हणालास तर मी खरं मानेन. गोळी तुझी तू घे. तोंड उघडून दाखव, असं मी पुन्हा म्हणणार नाही.

तुझीच,
नाजनीन आपा