सूतभर सरकलेलं स्टूल

४ जून

प्रिय सूतभर,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, माझा डावा गुडघा सोडून. तुझ्या त्या जग मांडणाऱ्यांना मी निरोप ठेवलाय की उद्या मांडताना एखादा बरा गुडघा बसवा. अजून तरी कोणी दखल घेतलेली नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. अक्षर वाईट आहे, पण ते तुला तीस वर्षांपासून माहीत आहे.

परवा शेजारच्या निवृत्त मास्तरांना मी तुझं म्हणणं समजावून सांगितलं. आपण झोपलो की सगळं जग उचलून ठेवतात आणि पहाटे पुन्हा मांडतात. मांडणारे आपल्यासारखे कामगारच, म्हणून चुका राहतात. कुठे कपाट सूतभर पुढे येतं, कुठे खिळा सूतभर खाली जातो, आणि लक्षात आलं की ते गुपचूप दुरुस्त करतात. मास्तर गंभीरपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्यांना सुट्टी कधी असते?" बघ, इतक्या वर्षांत आपल्या वर्कशॉपमध्ये एकालाही हे सुचलं नाही. उत्तर कळव, मास्तर वाट बघतायत.

आपल्या वर्कशॉपमधला रंगारी येऊन गेला. त्याने कानाला मशीन लावलंय, त्यामुळे आता त्याला ऐकू येत नसल्याचं सोंग करता येत नाही, त्याची बायको खूश आहे. आम्ही दोघं तुझ्यावरच हसत बसलो. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या जागेत तुझ्याइतका नाजूक हात कोणाचा नव्हता आणि तुझ्याइतकं चक्रम डोकंही कोणाचं नव्हतं. सकाळी आल्यावर काट्याला हात लावायच्या आधी तुझी पट्टी बाहेर निघायची. स्टुलाच्या चार पायांभोवती जमिनीवर पेन्सिलीच्या रेघा. कॅलेंडरचा खिळा छतापासून किती, कप अडकवायचा हूक दारापासून किती. काही हललेलं सापडलं की हिरव्या वहीत नोंद, आणि दिवसभर चेहऱ्यावर असा आनंद, जणू सासरा हरलाय कुठल्यातरी पैजेत. रंगारी हसता हसता ठसक्याने लाल झाला. मशीन काढून ठेवावं लागलं.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. सहज केला म्हणाली. सहज पाऊण तास बोलली. तिने तुझ्यासाठी खोली लावली आहे, तळमजल्यावर, जिना नाही, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. पंधरा जुलैला ती न्यायला येणार आणि तू म्हणतोस येणार नाही. जाऊन तर बघ, पटलं नाही तर परत ये, तुला कोण बांधून ठेवतंय.

वहिनींबद्दल काही लिहीत नाही. दोनदा लिहून खोडलं. त्यांना जाऊन तीन महिने होतील आता.

लेक म्हणाली, स्वयंपाकघरातल्या त्यांच्या खुर्चीच्या पायांभोवती तू रेघा मारल्यायस. हे खरं आहे का, तेवढं कळव.

तुझा,
बडबड्या

१९ जून

प्रिय सूतभर,

पत्र मिळालं. तुझं पत्र वाचून हसू आलं नाही अशी ही पहिलीच वेळ.

तू लिहितोस, "एका सकाळी मांडताना ती राहून गेली. चूक मोठी आहे, लक्षात यायला वेळ लागेल. पण चूक दुरुस्त होतेच, तू स्वतः पाहिलंयस. ती आली आणि मी घरात नसलो, तर?" आणि खाली मास्तरांसाठी निरोप, की सुट्टी नसते, म्हणून तर चुका होतात. मास्तरांना मी तो निरोप दिला नाही.

न्हाणीघरात पडलास त्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. तेही मला लेकीकडून कळावं? सकाळी साडेसातला घसरलास आणि शेजारीण वाटी परत द्यायला आली तेव्हा साडेबारा वाजले होते. पाच तास ओल्या फरशीवर. डॉक्टर म्हणाले हाड वाचलं, नशीब. लेक परवा आमच्याकडे आली, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मी खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "काका, ते माझं ऐकत नाहीत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. ती वही खोटी आहे एवढंच सांगा त्यांना."

तिला कुठून कळलं माहीत नाही. बहुतेक रंगाऱ्याने तोंड उघडलं असणार.

तेव्हा ऐक. बसून वाच.

तुझं स्टूल मी सरकवायचो. पहिल्यांदा सरकवलं तेव्हा काही ठरवलेलं नव्हतं. तू आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते मांडणाऱ्यांचं पुराण लावलं होतंस आणि सगळे तुला चिडवत होते. दुसऱ्या दिवशी मी लवकर आलो, कंटाळा आला होता, पायाने स्टूल सूतभर ढकललं. एवढंच. तू आलास, पट्टी लावलीस, आणि असा उजळलास की मला सांगायचा धीर झाला नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्या रंगाऱ्याने खिळा खाली ठोकला. मग आम्ही थांबलोच नाही. अकरा वर्षं. कॅलेंडर, हूक, तुझ्या डब्याचं फडकं उलट्या घडीचं, खिडकीची कडी. तू सुट्टीवर असलास की आम्हाला करमायचं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सगळं परत जागेवर ठेवायचोही आम्हीच. तुला वाटायचं दुरुस्ती झाली. तू वहीत त्या नोंदीपुढे बरोबरची खूण करायचास, आणि आम्ही काट्याआड तोंड लपवून हसायचो. कोणी काही उचलत नाही रे, कोणी काही मांडत नाही. काही राहून गेलं तर ते परत येत नाही. दुरुस्ती म्हणून जे तू पाहिलंस तो मी होतो, लवकर आलेला, हातात चहाचा कप घेतलेला.

गंमत होती, वाईट काही मनात नव्हतं. पण तुला हा भरवसा माझ्या पायाने दिलाय आणि आता तो काढून घेताना मला स्वतःची लाज वाटते. शिव्या द्यायच्या तेवढ्या दे. दोन पानं भरून दे. फक्त लेकीबरोबर जा.

तुझा,
बडबड्या

६ जुलै

प्रिय सूतभर,

पार्सल मिळालं. हिरवी वही इतकी जाड असेल असं वाटलं नव्हतं.

आधी मला वाटलं, रागाने पाठवलीस. मग उघडली. प्रत्येक नोंदीपुढे समासात तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात "ब" किंवा "रं". स्टूल, सूतभर डावीकडे, ब. खिळा, दोन सूत खाली, रं. पहिल्या दिवसाच्या पहिल्या नोंदीपुढेसुद्धा ब. मी डोक्याला हात लावून बसलो. ही विचारत होती काय झालं, मी वहीच तिच्या हातात दिली. अकरा वर्षं आम्ही तुला बनवत होतो आणि तू समासात हजेरी मांडत होतास.

वहीबरोबरची चिठ्ठी चार वेळा वाचली. त्या वर्षी माझा भाऊ गेला होता, मी हसत नव्हतो, आणि तुझं स्टूल सरकवलं की दिवसभर हसायचो, म्हणून तू पट्टी लावत राहिलास, हे तू आता सांगतोस. लेका, तेव्हा सांगितलं असतंस तर. तर काय, मी सरकवलं नसतं. बरं झालं नाही सांगितलंस.

पण त्याखाली तू लिहितोस, "तुझ्या पत्राने माझंच म्हणणं पक्कं झालं. जो सरकवतो तो परत ठेवतो. अकरा वर्षांत तू एकदाही विसरला नाहीस. या वेळी सरकवणारा तू नाहीस एवढाच फरक. कोणीतरी आहे. तोही ठेवील."

मग शेवटचं पान उघडलं. बारा मार्चची नोंद. "खुर्ची जागेवर. माणूस नाही." आणि समास कोरा.

मी ते लेकीला फोनवर वाचून दाखवलं.  ती म्हणाली, "काका, मग आता?" मी हो हो म्हणत राहिलो. कशाला हो म्हणत होतो कोण जाणे. तीस वर्षं सगळ्यांना बोलून गप्प करणारा माणूस मी, आणि तू मला चार ओळींत कोंडीत धरलंस. खोटं आहे म्हणावं तर तू माझाच दाखला देतोस. खरं आहे म्हणावं तर तू परत त्या ओल्या फरशीवर.

आज सकाळी चहा घेताना पाहिलं तर मी आमच्या टेबलाच्या पायापासून भिंतीपर्यंत वीत लावत होतो. ही बघत होती. तिने साखर पुढे सरकवली.

तेव्हा असं कर. मी बारा तारखेला येतो. तुझी समजूत घालायला नाही, तो नाद मी सोडला. पंधराला तू लेकीबरोबर जा आणि तुझ्या घरी मी राहतो, महिनाभर, लागलं तर दोन महिने. हिला विचारलंय, जा म्हणाली. सकाळी उठलो की आधी पट्टी घेईन, खुर्चीचे चारही पाय रेघांशी ताडून बघेन, वहीत लिहीन आणि तुला फोन करीन. फोन मात्र उचलायचा. वहिनी आल्याच, तर दार उघडायला कोणीतरी घरात असेल. तुझी अडचण एवढीच होती ना? हसू नकोस. हसलास तरी चालेल, तुझं बरंच हसणं माझ्याकडे बाकी आहे.

तू हो म्हणशील की नाही मला माहीत नाही. मी हे खरंच करू शकेन का, तेही माहीत नाही. रोज सकाळी त्या खुर्चीसमोर उभं राहायचं आणि तुला फोनवर तेच सांगायचं. पण दुसरं काही सुचत नाही. गुडघ्याची पट्टी आणि माझी जुनी स्टीलची पट्टी दोन्ही पिशवीत भरून ठेवल्यात.

काल दुपारी मी पेन्सिल घेऊन त्या शेवटच्या पानापाशी बराच वेळ बसलो होतो. समासात "ब" लिहावं असं इतकं वाटलं म्हणून सांगू. माझीच खोडी असती, सूतभर, तर दुसऱ्याच दिवशी लवकर येऊन मी वहिनींना जागेवर ठेवलं असतं. तू म्हणतोस ना, मी कधी विसरलो नाही.

बारा तारखेला दार उघड.

तुझाच,
या एका नोंदीत नसलेला,
बडबड्या