पट्ट्यातली फट

मंगळवार, संध्याकाळ. नंदुरबार.

या स्विस घड्याळाला नावं ठेवायला जिवावर येतं. तबकडी निर्दोष, काटे निर्दोष, खोल समुद्रातही पाणी शिरणार नाही. पण पोलादी पट्ट्याच्या कड्यांमध्ये फट आहे आणि तिच्यात मिरचीची धूळ बसते. घड्याळांतलं सगळं माझा मीच शिकलो, तरी घेताना ही फट दिसली नाही? की चमकच बघत बसलो?

आज मिरची बाजारात माल पारखून आल्यावर साबणाने हात धुतले आणि नातीला उचललं. पट्टा गालाला घासला, तिने भोकाड पसरलं.

आतून बायको ओरडली, "ते घड्याय काढा ना पहिले! पोर रडी ऱ्हायनी."

"मन्हा हात धुयेल शेतस."

"आनि घड्याय? कंपनीवाला ई का धुवाले?"

ब्रशने फट साफ केली. फडकं तांबडं झालं. उद्यापासून बाजारात हे घालणार नाही, पण नात जवळ येईना, त्याचं काय?

जेवणानंतर रिकामा हात पुढे केला. तिने मनगट उलटसुलट करून पाहिलं, बोट फिरवलं, मगच मांडीवर बसली. माल पारखायची पद्धत माझीच.