सहावी मात्रा खाली

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
तेर, ता. ९ जून १९४४

तीर्थस्वरूप शांताक्काचे सेवेशी, धाकट्या रेवणप्पाचा सा. न. वि. वि.

मॅट्रिकचा निकाल लागला. मी तिसऱ्यांदा बसलो आणि तिसऱ्यांदा पडलो. मागं नुसत्या उर्दूत गेलो होतो, औंदा हिसाबातही गेलो. अभ्यास वाढवला तसा घोटाळाही वाढला.

तालीमात खात्याकडं, म्हणजे सरकारच्या शिक्षणखात्याकडं, गाण्याच्या मास्तरकीसाठी दरख्वास्त केली होती, ती परत आली. मॅट्रिक नाही तर गाणं शिकवायचं नाही, असा कायदा आहे म्हणे. आठ वर्षं गुरुसिद्धप्पा बुवांपाशी गळा घासला, त्यासाठी त्यांच्या कागदात रकानाच नाही. आप्पांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. तोवर मास्तर झालो तर ठीक, न्हाय तर दुकानात बसून ज्वारी मापायची. पेटी डोळ्यांपुढं नको म्हणून त्यांनी ती तुझ्याकडं तुळजापूरला धाडली. अक्का, दुकानात बसलो तर मी काही मरणार नाही, पण पुन्हा गाणारही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

दाजींना नमस्कार. माया आहे ती राहू दे, नापासांवर थोडी जास्त करतात.
तुझा रेवणप्पा

तुळजापूर, ता. २२ जून १९४४

चि. रेवणप्पास शांताक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पेटी पोचली. गाडीच्या हादऱ्यानं एक काळी पट्टी आत बसली होती, ती मी आकड्यानं उचलली. आता रडत बसू नकोस.

ईटच्या मदरशाचे, तिथल्या सरकारी शाळेचे, हेडमास्तर माणिकप्पा देवीला आले की आमच्या दुकानात टेकतात. त्यांच्याकडं ड्रिलमास्तरची जागा रिकामी आहे. तिला मॅट्रिक लागत नाही, चौतीस इंच छाती लागते. तुझ्या दाजींनी सांगून टाकलं, की मेव्हणा रोज पहाटे दोन तास दमसास करतो. त्यात खोटं काय आहे? आधी मदरशात शिर, मग कोणत्या दारानं शिरलास ते कोण विचारतंय. आणि तिथं ताठ चाल, घरी चालतोस तसं नको.

प्रकृतीस जपावं. लोभ माझा आहेच, तुझा शिल्लक असेल तर पत्रातून कळवावा.
तुझी अक्का

ईट, ता. २ ऑगस्ट १९४४

ती. शांताक्कास रेवणप्पाचा सा. न. वि. वि.

जागा मिळाली! छाती मोजताना मी षड्ज लावला आणि सोडलाच नाही. छत्तीस भरली. शिपाई फीत धरून दमला.

ड्रिल मात्र मला येत नाही. त्यातले उर्दू हुकूम मला उर्दूच्या पेपरासारखेच कळतात. म्हणून पोरांना तालावर चालवतो. आधी केरवा बसवला, तो त्यांनी दोन दिवसांत गिळला. मग झपताल. त्याच्या दहा मात्रा, त्यातली सहावी खाली. खालीला टाळी वाजवत नाहीत, हात रिकामाच हलवतात. तर हाताचं पायाला लावून मी शिकवलं, की पाच पावलं टाकायची, सहाव्याला पाय वर उचलून धरायचा, रिकामा. मी पुढं, मागं त्रेसष्ट पोरं, सगळे सहाव्याला एका पायावर. लई गोड दिसतं गं. पण आता ती घरीही तशीच चालतात. पाणी आणणाऱ्या पोरींच्या घागरी ठरल्या जागी हिंदकळतात. गावानं पोरांच्या गुडघ्यांना बिब्ब्याचं तेल लावायला घेतलंय, पोरं ते लावून घेतात आणि पुन्हा पाय उचलतात.

दाजींचे उपकार आहेत. आठवण ठेवावी, मी तर सहाव्या मात्रेलासुद्धा ठेवतो.
रेवणप्पा

तुळजापूर, ता. २८ ऑगस्ट १९४४

चि. रेवणप्पास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला काही अक्कल? ईटला लंगडीची साथ आलीय असं तेरच्या बाजारात बोलतात. आप्पांनी घाबरून मला लिहिलं, मला खरं सांगावं लागलं, मग ते जास्तच घाबरले. माणिकप्पा म्हणतात की तालीमातचे वरचे अधिकारी मोहतमीमसाहेब दहा सप्टेंबरला तपासणीला येणार. त्याच दिवशी आप्पा बैलगाडी घेऊन येतायत, तुझं अंथरूण-पांघरूण भरून न्यायला.

माझं ऐक, त्या एका दिवशी तेवढी खाली सोड. सरळ चालव रे पोरांना. मी पेटी रोज पुसून ठेवते आणि मला लई काळजी वाटते.

रागावले तरी माझीच माया आहे, तेवढं धरून चालावं.
अक्का

ईट, ता. १४ सप्टेंबर १९४४

ती. शांताक्कास सा. न. वि. वि.

खाली सोडता आली नाही. मी मनाशी ठरवलं होतं, पण पायांनी ऐकलं नाही, आणि माझं बघून पोरांनीही ऐकलं नाही. साहेब तासभर बघत राहिले. मग त्यांनी माणिकप्पांना बाजूला नेऊन विचारलं, की या बिचाऱ्या लंगड्या माणसाला ड्रिलला कुणी लावलं? मास्तराचं बघून पोरं लंगडतात हे तुम्हाला दिसत नाही का?

माणिकप्पा घाबरून हो म्हणाले. साहेबांनी कायद्याचं पुस्तक काढलं. पायानं अधू झालेल्या मास्तराला त्याच मदरशात बसून करायचं काम द्यावं, त्याला परीक्षेची अट नाही, असं कलम निघालं. बसून करायचं एकच काम रिकामं होतं. अक्का, मी गाण्याचा मास्तर झालो! अट एकच, दरसाल तपासणीत लंगडून दाखवायचं. ते मी झपतालात करीन. पोरं आता सरळ चालतात.

पण त्याच दिवशी आप्पांची गाडी फाटकाशी होती. मी गाण्याचा पहिलाच तास घेत होतो. बाहेर आलो तोवर गाडी निघून गेली होती. ते न बोलताच गेले, हे मला लागलंय.

दोघांचा लोभ अधू मास्तरावर असावा.
रेवणप्पा

तेर, ता. ५ ऑक्टोबर १९४४

चि. सौ. शांताक्कास तुझ्या आप्पाचे, कल्याणप्पाचे, आशीर्वाद, वि. वि.

रेवण्याला आणाया गेलतो, तसाच माघारी आलो. वर्गाच्या दाराशी हुबा राहिलो. त्रेसष्ट पोरं एका सुरात गात हुती आन् आपलं पोरगं मदी बसलं हुतं. डोळे पुसत माणसात कसं जायाचं, म्हनून गाडी हाकली. त्येला तसं कळीव.

काल द्वारकाबाईला धा मापं ज्वारी घालीत हुतो. एकाला लाभ म्हनून सुरू केलं, दोन, तीन, चार, पाच, आन् सहावं माप रिकामंच वर उचलून धरलं. बाई म्हनली, नऊच झाली. पुन्यांदा मापलं, पुन्यांदा नऊ.

दुकानाचं मी बघतो. रेवण्याची पेटी त्येला धाडून दे. माझीच गाडी येती, हादरे बसू नयेत म्हनून खाली कडबा घालाया सांगितलाय.

हाय तसा लोभ ऱ्हाऊ द्यावा.
कल्याणप्पा