शांतसमयाचा तिसरा रकाना

१ जानेवारी, पहाटे ५.४०
वर्षअखेरच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, शास्त्र नुसतं वाचू नका, टिपणं काढा, रोज शांतसमय पाळा. वहीत तीन रकाने: वचन, अर्थ, लागू. रकाने मला कोणी शिकवायला नको. मॅट्रिक झाल्यापासून घरखर्चाची वही एक दिवस चुकलेली नाही.
नवी वही आणली नाही. यांना राईस मिलमधून मागच्या वर्षी मिळालेली डायरी कोरीच पडून होती. वार तेवढे चुकतात. खोडता येतात.
बायबलचे एकूण अध्याय ११८९. रोज पाच धरले तर ऑगस्टअखेर आटोपतं. उरलेले चार महिने रिव्हिजन.

२ जानेवारी
काल रेघा मारण्यातच वेळ गेला. पण रेघा सरळ आल्या.

४ जानेवारी
पहाट जमत नाही. ऐन शांतसमयात नळ येतो. म्हणून वेळ संध्याकाळी सातची केली.
सात म्हणजे सासूबाईंना वाचून दाखवायची वेळ. त्यांना अक्षर येत नाही, आता वरून मोतीबिंदू. लग्न झाल्यापासून अठरा वर्षं रोज एक अध्याय मीच वाचते. ते तात्पुरतं बंद ठेवलं. अभ्यास मनातल्या मनात करायचा असतो, असं समजावलं. तर, मनातल्या मनात वाचशीन तं मले कसं आयकू येईन, म्हणतात.
शेवटी ओरडून सांगावं लागलं की शांतसमय चालू आहे.

७ जानेवारी
उत्पत्ती, अध्याय ४. काइनानं हाबेलाला मारलं. तिसऱ्या रकान्यात आपल्याला काय लागू ते लिहायचं. प्रामाणिकपणे विचार केला. मी कोणाला मारलेलं नाही. लिहिलं, "लागू नाही." रेशनकार्डाच्या फॉर्मवरपण रकाना कोरा ठेवला तर बाबू परत पाठवतो.
रोज पाच जमत नाहीत. खोल अभ्यासाला एकच बरा.

१२ जानेवारी
जलप्रलय संपला. लागू नाही. शाई वाचावी म्हणून आता "ला. ना." लिहिते, आणि त्याच्याखाली नुसत्या दोन टिंबुल्या.
सासूबाई रोज सातला दाराशी येऊन बसतात आणि विचारतात, त्या योसेफाले हिरीतून काढलं काय गं? वाचन थांबलं तेव्हा त्याच्या भावांनी त्याला विहिरीत टाकलं होतं, तिथंच अडकल्या आहेत. मी म्हटलं, माझ्या वहीत तो अजून जन्मालाच यायचा आहे. आणि पुढचं तुम्हाला पाठ आहे, अठरा वर्षांत पाचदा तरी काढला असेल. तर म्हणाल्या, तू वाचतं तवाच तो निंगते, बाई.
एवढ्यात माझी ओळ चुकली. परत पहिल्यापासून.

१८ जानेवारी, रविवार
महिलांच्या सभेत पाळकसाहेबांनी विचारलं, टिपणं कशी चालली? मंडळीची सेक्रेटरी रीता उभी राहून म्हणे, पास्टर, माह्या तिसऱ्या रकान्यात रोज मीच येऊन राह्यली, काय करू? सगळ्या हसल्या. मला वाईट वाटलं. एका बाईत इतके दोष! माझा रकाना पाहिला तर तिला कसं वाटेल, म्हणून मी वही पिशवीतून काढली नाही.

२४ जानेवारी
टिंबुल्यांनी एवढा रकाना वाया चालला होता. आजपासून तिथं ज्याला लागू त्याचं नाव घालते. शास्त्र सगळ्यांसाठी आहे.
अध्याय १२. अब्राहाम बायकोला बहीण म्हणून खोटं बोलला. लागू: हे. मालकाचा फोन आला की बाजेवर पडूनच सांगतात, मी चंद्रपूरले आलो आहो.
यांनी वही पाहिली. मी म्हटलं, मनाला लावून घ्या. हे म्हणाले, बुडीले दोन ओळी वाचून दाखव ना वो, संध्याकाळची खूप चुळबूळ करते. खाली लिहिलं, दुसऱ्यांदा लागू.

४ फेब्रुवारी
अध्याय १९. लोटाच्या बायकोनं मागं वळून पाहिलं, मिठाचा खांब झाली. लागू: रीता. उपासनेत सारखी मागं वळून कोणाची साडी कशी ते पाहते. मी तिच्या पुढच्याच बाकावर असते, म्हणून दिसतं.

७ फेब्रुवारी
सासूबाई वडसाला जातो म्हणतात, नणंदेकडे, इंदुताईकडे. मला कारण माहीत आहे. वडसाला सध्या नाटकांचा सीझन आहे. या वयात, दिसत नसताना, नाटकं! मी अडवलं नाही. महिनाभर शांतता मिळाली तर वर्षाचा अभ्यास मार्गी लागेल.

९ फेब्रुवारी
पहाटे उठून सासूबाईंच्या धडुत्यात तीन भाकरी बांधल्या. पाण्याची बाटली भरून दिली. स्टेशनवर विकत घेण्यापेक्षा घरचं बरं. सकाळच्या गाडीत हे बसवून आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी बसून होत्या म्हणे.
सात वाजता घर एकदम शांत. अभ्यासाला असंच वातावरण पाहिजे. वाचलं काहीच नाही. शांततेची सवय व्हायला वेळ लागतो.

१२ फेब्रुवारी
फोनचा पॅक तसाही वाया जातो, म्हणून सातला वडसाला लावला. सासूबाईंना म्हटलं, फोनवर वाचू का योसेफाचं?
तर म्हणाल्या, तो तं कवाचा निंगला, माय. शेजारची सोमारी वाचते, पयल्याच सांजी काढला त्याले. आता मिसर देशात धानाची कोठारं भरून राह्यला. तुही वही कुठवर आली?
मी म्हटलं, छान चालली आहे.
त्या म्हणाल्या, घाई नोको करू.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
उत्पत्ती, अध्याय २१.
वचन: अब्राहामानं पहाटे उठून घरची दासी हागार हिला भाकर आणि पाण्याची पखाल दिली आणि तिला वाटेला लावलं.
अर्थ: भाकर दिली होती. पाणीपण दिलं होतं.
लागू:

रिफील संपत आली आहे. उगीच शाई वाया घालवायला नको.