हाव नावाचा वाचक

१२ जानेवारी, रविवार

नऊ दिवस वही उघडली नाही. आधी पेन सापडत नव्हता. पेन सापडला तर वही सापडेना. दोन्ही सापडले तर गच्चीवर पतंग सुरू होते. नेटवरच्या डायरीत मात्र रोज लिहिलं — तिथं लोक वाचतात. इथं खरं लिहावं लागतं, म्हणून चालढकल.

तर खरं असं, की येत्या रविवारी नेटवर रोजनिशी लिहिणारे चाळीस जण नांदुऱ्याला येऊन राह्यले. एकमेकांची भांडणं, सर्दी-खोकला, रोजची भाजी सगळं ठाऊक, तोंड कोणाचंच पाहिलेलं नाही. यजमान प्रतिमाताई. इथल्या शाळेत मराठी शिकवतात. त्यांच्या वरच्या खोलीत मी ऑक्टोबरपासून पडून आहे. मदतीला मीच. ताई म्हणाल्या, "प्रतीक्षा, तुला एकच काम देते. गोवऱ्यांवर भाजायच्या रोडग्यांचं मी पाहते, भाजीला तू दहा किलो वांगी आण."

एकच काम. सोपं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

ताईंनी तिळगूळ दिला अन् विचारलं, "घरी फोन केला का?" म्हटलं, करते. आईला केला. बा फोनवर आला नाही. "वावरात गेले," आई म्हणे. अंधार पडल्यावर कोणतं वावर?

चौदा महिने झाले. नर्सिंगचा कोर्स अर्ध्यात सोडला हे मी बाला अकोल्याच्या स्टँडवरून फोन करून सांगितलं होतं. तो म्हणाला, "तुले जे वाटते ते कर." राग होता की परवानगी, अजून कळलं नाही. त्यानंतर आमचं बोलणंच नाही.

आमचं गाव सोनाळा, इथून बसनं दोन तास. दोनदा बसले. एकदा जळगाव जामोदलाच उतरले, रसवंती दिसली म्हणून. दुसऱ्या वेळी रसवंतीही बंद होती, तरी उतरले.

१६ जानेवारी, गुरुवार

पाहुण्यांची यादी केली. सगळ्यांनी कळवलं, एक सोडून — 'हाव'. हा माझ्या प्रत्येक पानाखाली एकच शब्द लिहितो. मला ताप आला — हाव. रेल्वेत झोप लागून भुसावळला पोचले — हाव.

पुण्याच्या डायरीवाल्या हिमानीताई मदतीला आधीच आल्यात. यादी पाहून म्हणाल्या, "हाव म्हणजे लोभ ना गं? असं कसं नाव घेतलं?" प्रतिमाताई हसून हसून भिंतीला टेकल्या. "अहो, आमच्याकडं हाव म्हणजे हो!"

मी नाही हसले. माझी खात्री आहे, हा कोणी शहरातला आहे अन् आमच्या बोलीची टिंगल करतो. दिवाळीत त्याला लिहिलंच होतं, "काऊन बे, दुसरा शब्द येत नाही का तुले?"

त्याचं उत्तर — हाव.

१७ जानेवारी, शुक्रवार

वांगी आणायला निघाले. रस्त्यात कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एका ट्रॉलीवर इतका पांढराशुभ्र कापूस, की ट्रॅक्टरवाल्या काकांना विचारून वर चढले. जिनिंगच्या कारखान्यापर्यंत आडवी पडून गेले. वर नुसतं आभाळ. परत येईस्तोवर बाजार उठलेला.

ताईंनी माझ्या केसांतला कापूस काढला, रिकाम्या पिशवीकडं पाहिलं. मग ती खुंटीला टांगून दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळीच भाजीवाल्या जनकाबाईकडं गेले.

"काल काऊन नाई आली वं माय?"

"काल ट्रॅक्टरवर होती."

"मंग ट्रॅक्टरचीच भाजी कर. वांगे सारे लग्नवाल्यायनं नेले."

दोन किलो मिळाली, तीही किडकी. दिलेलं एक काम. नर्सिंग, मग अकोल्यातल्या दुकानातली नोकरी, आता वांगी. अर्ध्यात सोडणारी पोरगी! ताईंनी चौथ्या दिवशी बाहेर काढलं असतं तरी चाललं असतं, त्यांनी चार महिने ठेवलं.

दुपारी नेटवर गंमत म्हणून लिहिलं — 'उद्या चाळीस पाहुणे, रोडगे तयार, वांगी गायब.' लोकांनी हसरे चेहरे टाकले. हावनं मात्र पहिल्यांदाच जास्त शब्द लिहिले. "हाव. किती किलो."

मी लिहिलं, "दहा. आणतो का बे?"

"हाव."

घ्या. टिंगलीलाही वेळकाळ असतो.

उद्या प्रत्येकानं आपलं एक पान वाचायचं आहे, खऱ्या नावानं. नेटवर मी 'बिनतिकीट'. मी कोण हे घरात फक्त धाकट्या बहिणीला, छायाला माहीत. मी ते पान काढलंय — बा वांग्याला पाणी देताना माझ्याशी बोलायचा ते.

१९ जानेवारी, रविवार, सकाळ

जिन्यात बसून लिहिते आहे. अजून खाली उतरले नाही.

आत्ता हिमानीताईंनी हाक मारली, "प्रतीक्षा, तुझे हाव आले गं! पोतं घेऊन!" वाकून पाहिलं. पोत्याच्या तोंडाला सुतळीची उलटी गाठ. तशी गाठ सोनाळ्यात एकच माणूस बांधतो.

बा दारात उभा आहे, टोपी हातात. हिमानीताईंनी खरं नाव विचारलं, तर म्हणाला, "रंगराव. बिनतिकीटचा बाप."

अन् मी त्याला दोनदा बे म्हटलंय.