आवाज पुढे पळतो

सोमवार, ३ तारीख

लागली बुवा नोकरी एकदाची! लोकांच्या घरगुती व्हिडिओ फाइली डीव्हीडीवर उतरवायच्या. मालकांनी मला नि आईला राहायला दुकानावरची खोलीही दिलीय. आई खूश, रोज दुपारी सव्वाला माझा डबा घेऊन स्वतः खाली येणार म्हणते. तो स्टीलचा डबा तिच्या माहेरचा, माझ्याहून जास्त जपते त्याला. पहिलंच काम एका आजोबांचं: नातीचा वाढदिवस, त्यात त्यांच्या वारलेल्या बायकोचा आवाज. पण आवाज आधी येतो, ओठ मागाहून हलतात. फाइलीचा वेग एक, डीव्हीडीचा दुसरा, की असा घोळ होतोच. आजोबा म्हणाले, तिचा आवाज तिच्या तोंडी परत दे बाबा, घाई नाही.

मंगळवार, ४

सुरुवातीला फरक अर्ध्या सेकंदाचा, शेवटी चार. आजी टाळी वाजवते ती खूण धरून आवाज मागे सरकवला, तरी पुन्हा पुढे पळाला. मालकांनी बजावलंय, टाळी फक्त डोळ्यांनी जुळवायची, पडद्यासमोर आपण वाजवायची नाही. आधीचा माणूस वाजवायचा म्हणे. आमच्या घराण्यात 'करू नको' म्हटलं की हात शिवशिवतात. मालक चहाला गेले तशी आजीच्या हातांबरोबर मीही टाळी वाजवली. आवाज चपखल बसला! डीव्हीडी तयार. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

गुरुवार, ६

पेला फुटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर पेला टेबलावर धड. मग माझंच कोपर लागून तो पडला, आणि फुटताना हूं की चूं नाही. आईचं बोलणं आधी ऐकू येतं, ओठ नंतर हलतात. झोप कमी पडतेय, असं स्वतःला सांगितलं.

शनिवार, ८

मालकांना विचारलं. त्यांचं उत्तर मला विचारायच्या आधीच ऐकू आलं होतं: टाळी वाजवणाऱ्याच्या अंगाला तो आवाज चिकटतो, अंतर रोज वाढतं. आधीच्या माणसाचं पुढे काय झालं, तेही विचारलं. उठून गेले.

सोमवार, १०

बारा दहाला तीन टाळ्या ऐकल्या. माझ्याच. ठरवलं, हात खिशाबाहेर काढायचे नाहीत. डास आला. मारायला गेलो — एक, दोन, तीन. घड्याळात बारा एकतीस.

एकवीस मिनिटं. मला भीती वाटतेय. आई बोलते आणि मी भलत्याच वेळी मान हलवतो.

मंगळवार, ११

सकाळी मोजलं. चाळीस मिनिटं.

बारा पस्तीस — आत्ता डबा पडलेला ऐकला. झाकण गरगरत लांब गेलं. मग आई. बाळा, डोळे उघड, डोळे उघड ना रे — मग तिचा आवाज बारीक होत गेला.

म्हणजे सव्वाला पडणारा मी.

बारा बावन्न

तेव्हापासून काही नाही. पंखा फिरतोय, आवाज नाही. टेबलावर मूठ आपटली — नाही. पुढे मला ऐकायला काही उरलेलंच नाही.

तिच्यासमोर नको. बाकी काहीही चालेल, आईसमोर नको.

एक पाच

तिला फोन केला. खाली येऊ नकोस, डबा नको, वरच थांब — चारदा सांगितलं. ती काय म्हणाली, कळलं नाही. दुकानाच्या काचेच्या दाराला आतून कुलूप घातलं.

एक बारा

छातीत कळ —

काचेपलीकडे आई. माझ्या फोननेच घाबरून — मालकांची किल्ली हातात. काखेत डबा —

आई, मागे फिर, बघू न