होडीचं पुढचं टोक

३ सप्टेंबर, मंगळवार

दुरुस्ती. परवाच्या नोंदीत मी लिहिलं होतं की पंचावन्न पाउंडाची मोटर म्हणजे पंचावन्न पाउंड वजन ओढणारी मोटर, आणि पेपेर, म्हणजे माझे आजोबा, एकटेच दोनशेच्या वर भरतात, तेव्हा आपल्याला चार मोटरी लागतील. हे चूक आहे. तो आकडा मोटरीच्या रेट्याचा असतो. तरंगत्या होडीला एवढा रेटा पुरून उरतो. दुर्दैवाने चार मोटरींचं मी नॉन्क यूलिसना बोलून बसले. ते म्हणाले, "लाव की चार. म्हातारा दुपारच्या जेवणाला क्यूबात पोचेल."

काका आहेत म्हणून ऐकून घेतलं.

लिहिलेली चूक तशीच ठेवायची नाही, हे पेपेरनीच शिकवलं. मी मोठी होईपर्यंत माझी शाळा म्हणजे आमचं स्वयंपाकघरातलं टेबल, आणि मास्तर म्हणजे आजोबा. बेरीज खेकड्यांवर, भागाकार केकवर. बाहेरच्या मुलांना काय येतं ते मला माहीत नाही, पण माझा पाया पक्का आहे.

आता पेपेरचा खांदा गेला. लांब काठीने चिखल रेटत होडी मागच्या तळ्यावर न्यायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम, ते संपलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी टांट एर्मिन, म्हणजे माझी आत्या, त्यांना लाफाएत शहरात आपल्या घरी घेऊन जाणार. कायमचं. आत्याच्या अंगणात कारंजं आहे. तिथे पाणी म्हणजे तेवढंच. जाण्याआधी मागच्या तळ्यावर एकदा रेडफिश मासा धरायचा, एवढंच त्यांचं मागणं. समुद्राला जोडलेलं तळं, पण पाणी गुडघाभर, मोठं इंजिन रुततं. म्हणून बॅटरीवरची छोटी मोटर बसवून देईन असा मी शब्द दिला आहे.

संकल्प: या आठवड्यात मोटर ठरवणे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मोटर ठरली नाही. पण बॅटरीचा प्रश्न पुढे आला, ही प्रगतीच.

शिशाची की लिथियमची? शिशाची जड, पण ओळखीची. लिथियमची हलकी, पण इंटरनेटवर एक गृहस्थ म्हणतात तिच्यासारखी दुसरी नाही आणि दुसरे म्हणतात ती पेट घेते. दोघेही प्रामाणिक वाटतात. मी काम करते त्या लायब्ररीत माझ्या टेबलापाशी आज तीन वाचक ताटकळले. त्यांची माफी मागितली. एकाची दोनदा.

घरी मॉमा म्हणाली, "लाली, वाट मैलभराची, पाणी गुडघ्याएवढं. तू जहाज बांधतेयस का?"

आईला तांत्रिक बाबी समजावणं अवघड असतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

पेपेर सकाळी धक्क्यावर बसले होते. मांडीवर गळाची काठी, तिच्या चाकाला तेल घातलेलं. मला ते लाडाने शेर म्हणतात. म्हणाले, "काय शेर, आली का आपली वीज?"

मी म्हटलं, जवळजवळ.

"जवळजवळ" हे खोटं ठरतं का यावर दिवसभर विचार केला. ठरत नाही. मनाने मी निर्णयाच्या खूप जवळ आहे.

नॉन्क यूलिस मध्येच म्हणाले, "अगं, काठी आहे, होडी आहे, तुझे दोन हात आहेत. ढकल आणि ने." विचारहीन सूचना. अकरा वर्षांची असताना मी काठी धरून पाहिली आहे. काठी चिखलात रुतली. मी काठी सोडली नाही, होडी मात्र निघून गेली. काठीला मिठी मारून मी पाण्याच्या मधोमध, आणि धक्क्यावर सगळं खानदान. पेपेर इतके हसले होते की त्यांना खाली बसावं लागलं. हा अनुभव स्पष्टपणे मोटरीच्या बाजूने आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

दुकानात जाऊन आले. काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला: पाणी गोडं की खारं? मी म्हटलं, मचूळ. ती म्हणाली, मग खारंच धरा. मला ते पूर्ण सत्य वाटलं नाही, पण वाद घातला नाही.

दुसरा प्रश्न: मोटर होडीच्या पुढे लावायची की मागे?

पुढे, असं मी लगेच सांगितलं. एवढ्या दिवसांत न अडखळता दिलेलं हे पहिलं उत्तर. घरी येईपर्यंत त्याचा आनंद टिकला.

तिसरा: पुढच्या टोकापासून पाण्यापर्यंत उंची किती? तेवढा लांब दांडा हवा. ती मोजली नव्हती, म्हणून आज खरेदी नाही. घरी येऊन टेप घेतली आणि पुढच्या टोकाला, बरोबर पेपेर उभे राहतात तिथे, मोजलं. पुन्हा मोजलं. मग भरती येऊ दिली आणि परत मोजलं. तेच आलं. या घरात मापाला कुणी नावं ठेवणार नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मॉमाने सांगितलं, आज पाणी आरशासारखं होतं. पेपेर सकाळपासून टोपी घालून बसले होते. जेवायलाही टोपीतच.

"रोज विचारतात गं," ती म्हणाली. "मी काय सांगू?"

मी म्हटलं, सांग, घाईत घेतलेली बॅटरी दगा देते. त्यांना तशी घाई नाही. आणि उतारवयात उत्सुकता प्रकृतीला चांगली असते.

मॉमाने भांडी फार जोरात घासली.

२१ सप्टेंबर, शनिवार

खरेदी झाली! पुढे बसणारी, पंचावन्न पाउंडाची, खाऱ्या पाण्याची मोटर. बॅटऱ्या शिशाच्या, दोन. खरं तर एक पुरते. पण मध्येच संपली आणि पेपेर अंधार पडेपर्यंत गवतात अडकले, तर मी कुणाला तोंड दाखवू? म्हणून एक वापरायची, एक राखीव. उचलताना कंबरेत चमक भरली. जबाबदारी जड असतेच.

पेपेरनी मोटरीच्या पंख्यावरून हात फिरवला. "गोजिरवाणी आहे," म्हणाले.

आता सगळं एका रविवारावर आलं. म्हणजे माझ्या सुट्टीवर, बाकी काही अडलेलं नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

मी लायब्ररीत असताना नॉन्क यूलिसनी मोटर बोल्ट लावून पक्की केली. फोनवर म्हणाले, झालं काम. बॅटऱ्या मात्र मी स्वतः ठेवल्या. सगळे जाणकार एकमुखाने सांगतात की वजन पुढच्या बाजूला ठेवा, म्हणजे होडी समतोल राहते. त्यामुळे दोन्ही पुढे, पेपेरच्या पायाशी. पट्ट्याने आवळल्या. काळोख झाला होता, मोटर कशी बसली ते पाहायचं राहिलं. नॉन्कवर विश्वास टाकला. माणसावर विश्वास टाकायला मी शिकते आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

चर्चमधली मिस्सा संपल्यावर सगळे धक्क्यावर आले. कुणी बोलावलं होतं माहीत नाही. (दुरुस्ती: मी.)

पेपेर टोपी, उशी आणि भात-सॉसेजचा डबा घेऊन होडीत चढले आणि आपल्या नेहमीच्या जागी बसले. त्यांच्या पायाशी दोन बॅटऱ्या. ते टोक खाली गेलं. दुसरं, निमुळतं टोक वर उठलं, आणि त्या उठलेल्या टोकावर माझी मोटर बसवलेली होती.

मला वाटलं नॉन्कनी ती मागे लावली. तसं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. मग बटण दाबलं. पंखा पाण्याच्या हातभर वर गरगर फिरू लागला.

"वा लाली!" नॉन्क ओरडले. "उकडतंच होतं. जरा इकडे वळव!"

धक्का हसून हसून हलला. मी ठासून सांगितलं की माप बरोबर आहे, पुढच्या टोकाचंच आहे. तेव्हा नॉन्क हसायचे थांबले. होडीकडे पाहिलं, पेपेरकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "पोरी, तू मोजलंस कुठे? पेपेरच्या टोकाला? अगं, ते पुढचं आपल्या घरातलं. जगात त्याला मागचं म्हणतात."

पेपेर चपट्या टोकावर उभे राहून होडी रेटायचे. आम्ही मुलं मध्ये, त्यांच्याकडे तोंड करून बसायचो. पाठ तळ्याकडे. म्हणून पेपेर जिथे, ते पुढचं टोक. जेवणाच्या टेबलाचंही तसंच. मॉमा तसंच म्हणते, नॉन्क घरी तसंच म्हणतात. फक्त ते कधीतरी बाहेरच्या शाळेत गेले होते. मी गेले नाही.

तोवर चपट्या टोकावरून पाणी आत आलं होतं. पेपेरची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. डबा तरंगत होता. त्यांना उतरवताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीची चूक नाही. मास्तर मी होतो."

हसले असते तर बरं झालं असतं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

लांब दांड्याची मोटर मागवावी लागेल. ती पुढच्या आठवड्यात येईल. टांट एर्मिन शनिवारी दुपारी येते आहे.

पेपेरना सांगितलं, की पुढच्या वर्षी सुट्टीत याल तेव्हा सगळं अगदी नीट तयार असेल. दोन्ही बॅटऱ्या, योग्य दांडा. ते "बरं" म्हणाले. टोपी खुंटीला अडकवली.

मी मॉमाजवळ रडले. म्हटलं, मोटरीचा शब्द मला पाळता आला नाही.

मॉमा म्हणाली, "कसला मोटरीचा शब्द? मी तिथेच कोळंबी सोलत होते. ते म्हणाले, लाली, एकदा मागच्या तळ्यावर नेशील का मला? मोटरीचं तू काढलंस, त्यांनी नाही."

म्हणून दुरुस्ती. ३ सप्टेंबरच्या नोंदीत "मोटर बसवून देईन असा मी शब्द दिला आहे" असं आहे. ते चूक. त्यांनी नेशील का विचारलं होतं. मी हो म्हणाले होते. एवढंच.

काठीला हात लावायला नको, धक्क्यावर परत कुणी हसायला नको, म्हणून मी महिनाभर बॅटऱ्या वाचत बसले. पाणी चांगलं होतं तो सगळा महिना.

२ ऑक्टोबर, बुधवार

लायब्ररीत रजा टाकली. बॅटऱ्या उतरवल्या. चपट्या टोकावर काठी घेऊन उभी राहिले.

होडी गोल फिरली. दुसऱ्या बाजूने रेटलं, उलट गोल फिरली. मग काठी रुतली. या वेळी मी शहाणपणाने काठी सोडली. त्यामुळे होडी आणि मी पुढे, काठी मागे चिखलात उभी. नॉन्क यूलिसनी ती आणून दिली. एक अक्षर बोलले नाहीत. माझी अवस्था किती वाईट दिसत असेल ते त्यावरून कळलं.

वर पाहिलं तर पेपेर धक्क्यावर. "ओढू नकोस," म्हणाले. "पीळ दे. बाटलीचं बूच काढतात तसा. मग चिखल सोडतो."

पीळ दिला. चिखलाने सोडलं. धक्क्यापासून नॉन्कच्या शेडपर्यंत गेले. वाकडी, पण गेले.

परत येऊन विचारलं, "पेपेर, मी नेलं तर याल? भिजाल. वेळ लागेल. कदाचित तळ्यापर्यंत पोचणारच नाही."

"मी कुठे बसू?"

"मध्ये. पुढे तोंड करून."

"कुठलं पुढे, शेर?"

तेच म्हणाले, "तू उभी राहशील ते. मी तुझ्याकडे तोंड करून बसेन. पडलीस तर दिसायला हवं."

खुंटीवरची टोपी गेली आहे. डोक्यावर आहे.

दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आहेत. का, ते मला सांगता येणार नाही.

शनिवारी पहाटे निघायचं ठरवलं, म्हणजे सरावाला दोन दिवस मिळतील.

दुरुस्ती. शनिवारी टांट एर्मिन येते, आणि सराव हे निमित्त आहे. उद्या ओहोटी फार खोल आहे, हे मात्र निमित्त नाही, नॉन्कना विचारलं.

तर निघायचं शुक्रवारी, ४ ऑक्टोबरला. सकाळी, भरतीबरोबर.